झाकोळ : अर्थ आणि व्युत्पत्ती

कोणत्याही शब्दाला समितीपुढे आल्याशिवाय खरा अर्थ प्राप्त होत नाही. तोवर लोक तो नुसताच वापरत असतात.

शब्दकोश मंडळ ‘झ’पर्यंत सुखरूप पोचलं आणि ‘झाकोळ’पाशी अडलं. मुख्य संपादकांनी अर्थ लिहिला होता : ‘आभाळ भरून आल्याने दिवसा पसरणारा उदास अंधार.’ उपसंपादक बाईंना त्यात दुसरा अर्थ हवा होता : ‘मनाची तशीच अवस्था.’

“कोशात मन आणायचं नाही,” संपादक म्हणाले. “एकदा शिरलं की सगळीकडे पसरतं.”

व्युत्पत्तीवरही जुंपलीच. एक सदस्य म्हणाले, ‘झाकणे’वरून. दुसरे म्हणाले, ‘काळोखा’शी नातं दिसतंय. तिसऱ्यांनी दोघांनाही पाठिंबा दिला (ते नेहमीच देतात, म्हणून तर समितीवर आहेत).

संपादकांचा हट्ट साधा नव्हता. बायको लेकीच्या बाळंतपणाला परगावी गेल्यापासून त्यांनी घरचे पडदे उघडले नव्हते. सकाळी चहा दोन कप करायचे आणि दुसरा बेसिनमध्ये ओतायचे. याला ते ‘सवय’ म्हणत. (तो शब्द ‘स’मध्ये येतो, त्यामुळे अर्थ अजून ठरलेला नव्हता.)

बैठकीत त्यांचा फोन वाजला. कमी ऐकू येत असल्यामुळे ते तो नेहमी स्पीकरवरच घेत.

“आवाज का असा येतोय तुमचा?” बायकोनं विचारलं.

“काही नाही गं. जरा झाकोळलंय.”

“टीव्हीवर तर तुमच्याकडे कडक ऊन सांगताहेत!”

उपसंपादक बाईंनी पेनाचं टोपण काढलं.

“आणि हे कशामुळे?” फोनमधून बायकोचा पुढचा प्रश्न आला.

“व्युत्पत्ती अनिश्चित आहे.”

“डोंबलाची अनिश्चित! मी इकडे आल्यापासून चाललंय हे. परत येऊ का म्हटलं, तर ‘तुझी सोय बघ’ म्हणता. नीट एकदा बोलवायला काय होतं?”

संपादकांनी समितीकडे पाहिलं. समितीनं पंख्याकडे पाहिलं.

“ये,” ते म्हणाले.

‘य’ची पाळी यायला सध्याच्या गतीनं अठरा वर्षं होती. तरी या अनधिकृत वापरावर कुणी हरकत घेतली नाही. दुसरा अर्थ एकमतानं संमत झाला. संपादकांनी त्यापुढे कंसात ‘लाक्षणिक’ तेवढं घातलं, आणि पडदे झटकायचे आहेत असं सांगून ते चक्क चार वाजता घरी गेले.

खंड छापून झाला. त्या दुसऱ्या अर्थाबद्दल वाचकांची भरपूर पत्रं येतात. सगळ्यांचा मजकूर एकच : ‘आम्हाला स्वतःला याचा अनुभव नाही, मात्र ओळखीत एकजण अगदी असाच आहे.’

तुम्हालाही आत्ता कोणीतरी आठवलंच असेल. त्यालाही तुमचीच आठवण झाल्याचं त्याच्या पत्रावरून दिसतं.