वारो शिरता

आमच्या इमारतीत कुणी नवीन स्वेटर किंवा जॅकेट घालून जिना उतरलं की परबकाका त्याला अडवतात. बाहीचं कापड चिमटीत धरतात, ओठांपाशी नेतात आणि जोरात फुंकर मारतात. दुसऱ्या हाताची दोन बोटं तोवर बाहीच्या आत सरकलेली असतात. बोटांना झुळूक लागली की मान हलवून निकाल देतात, "वारो शिरता." आणि बाही सोडून आपल्या कामाला जातात. तळमजल्यावरच्या एका बाईंनी तर काका दिसले की शाल काढून पिशवीत ठेवायला सुरुवात केली. थंडी परवडली, म्हणाल्या, फुंकर नको.

आता मुलुंडची थंडी ती केवढी. वर्षातून तीन-चार आठवडे, तीही सकाळी साडेसातला आटोपणारी. तेवढ्यासाठी माणसं कपाटातून एकदा स्वेटर काढतात, डांबराच्या गोळ्यांचा वास घेतात आणि परत ठेवतात. काकांसाठी मात्र ते आठवडे म्हणजे परीक्षेचे दिवस. गेली तीन वर्षं ते एक जॅकेट निवडत होते. सायकलवर घालायचं, समोरचा वारा सुईएवढाही आत येऊ न देणारं जॅकेट.

काका मूळचे मालवणकडचे. वडील गिरणीत होते, हे भांडुपच्या एका कारखान्यात फिटर. उभी नोकरी मुलुंड ते भांडुप सायकलवर केली, त्यामुळे पोटऱ्या अजून दगडासारख्या. मी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहतो आणि शाळेत मराठी शिकवतो, म्हणून त्यांनी मला 'मास्तर' करून टाकलं.

जॅकेट त्यांना स्वतःसाठी नको होतं. ते स्वतः आजही गंजिफ्रॉकवर शर्ट घालून सायकल मारतात. जॅकेट हवं होतं काकींसाठी. चार वर्षांपूर्वी काकींच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू लुळी पडली, बोलणंही गेलं. पुढे व्यायामानं त्या काठी धरून घरात चालू लागल्या, शब्दही एकेक करून परत आले, पण सगळे मालवणीतले. शहरात आल्यावर शिकलेली मराठी काही परतली नाही. परतलेल्या शब्दांतला एक होता 'खाडी'. मिठागरांच्या मधून खाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आपल्याला सायकलवरून न्यावं, एवढीच त्यांची मागणी होती.

डॉक्टर म्हणाले, खुशाल न्या. काकांनी मग दोन जुन्या सायकली कापून एक तीनचाकी बनवली. पुढे दोन चाकं, त्यांवर हातांची खुर्ची, पोटाला पट्टा, पायांना फळी. वेल्डिंग असं की हात फिरवत राहावं. ही गाडी तीन वर्षं इमारतीच्या पार्किंगमध्ये चादर पांघरून उभी होती. कारण जॅकेट मिळत नव्हतं.

"मग एप्रिलमध्ये न्या ना," मी एकदा म्हणालो. "जॅकेटची भानगडच नको."

काका काही म्हणायच्या आत काकी आतून म्हणाल्या, "थंडीत."

म्हणजे थंडीतच. त्यामुळे दर डिसेंबरला आम्ही दोघं दुकानं पालथी घालायला निघायचो. काकांच्या पिशवीत बॅटरीवर चालणारा छोटा पंखा, उदबत्तीचा पुडा आणि काड्यापेटी. जॅकेटच्या एका बाजूला पंखा धरायचा, दुसऱ्या बाजूला पेटलेली उदबत्ती, आणि धूर हलतो का बघायचं. पहिल्या दुकानातून आम्हाला आग लागेल म्हणून बाहेर काढलं. दुसऱ्या दुकानातला सेल्समन गरीब स्वभावाचा होता. तो लेबल दाखवून म्हणाला, "अंकल, विंडप्रूफ लिखा है ना."

"लिहिलंय रे बाबा," काका म्हणाले, "पण वारो वाचता काय?"

त्या तीन वर्षांत जॅकेट या विषयात मला जे ज्ञान झालं ते मी कुणाला न मागता देऊ शकतो. रेनकोटातून वारा शिरत नाही, पण आत घाम साचतो आणि तोच पुढे गार पडतो, म्हणून रेनकोट बाद. कापूस भरलेल्या जॅकेटात शिवणीच्या भोकांतून वारा येतो. डोक्यातून घालायचं असेल तर काकींचा उजवा हात आत जात नाही, म्हणून चेन पूर्ण उघडणारी हवी. चेन आली की तिच्या दातांतून वारा आला, म्हणून चेनीमागे पट्टी हवी. आणि खास सायकलवाल्यांची जॅकेटं पुढून आखूड, मागून लांब असतात, कारण ती हँडलवर वाकणाऱ्यासाठी शिवलेली. काकी तर खुर्चीत ताठ बसणार. "म्हणजे पोट उघडं," काका म्हणाले आणि बराच विचार करून त्यांनी विचारलं, "उलटं घातलं तर?" तो प्रयोग माझ्यावर झाला. चेन पाठीला, लांब शेपूट पोटावर, समोर त्यांचा टेबलफॅन तीनवर. दर रविवारी सकाळी मी असा त्यांच्या घरात बसायचो आणि काका विचारायचे, "मास्तर, खंय लागता?" मी दंड दाखवायचो, काका तिथे खडूनं फुली मारायचे. काकी पलंगावर बसून हे बघत असायच्या. हसल्या की त्यांच्या तोंडाची एकच बाजू हसायची.

तिसऱ्या वर्षी जानेवारी संपत आला आणि माझा धीर सुटला. आदल्याच दिवशी एक जॅकेट उदबत्ती, पंखा, फुंकर सगळ्यांतून पास झालं होतं. काकांनी ते रात्रभर ठेवून घेतलं आणि सकाळी म्हणाले, गळ्याशी बोटभर फट राहते. काकी खिडकीत बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि परत बाहेर बघायला लागल्या. मला राग आला. आमच्या काकांना जॅकेट सापडत नव्हतं असं नाही, त्यांना ते सापडायला नको होतं. मी त्यांना जिन्यात नेलं आणि वर्गात बोलतो त्या आवाजात बोललो.

"काका, वारा लागून असं होत नाही. मेंदूत रक्ताची गुठळी झाली, डॉक्टरांनी तुम्हाला चित्र काढून दाखवलंय. 'अंगावरून वारं जाणं' हा नुसता वाक्प्रचार आहे. मी तो मुलांना वाक्यात उपयोग करायला देतो."

काका कठड्याला धरून उभे होते. "तुमच्यासाठी वाक्प्रचार, मास्तर," ते म्हणाले. "आमच्या घरात तो येऊन गेलाय."

मग त्यांनी सांगितलं. अशीच जानेवारीतली सकाळ. नुकतेच रिटायर झाले होते, म्हणून बायकोला कॅरिअरवर बसवून खाडीवर नेलं. ती एका अंगावर बसलेली, उजवा खांदा पुढे. निघताना त्यांनी स्वतः तिच्या अंगावर शाल गुंडाळली होती. परत येऊन सायकल लावली तेव्हा शाल तिच्या मांडीवर होती. दुसऱ्या दिवशी दुपारी नारळ खवताना तिच्या उजव्या हातातून कवड सुटली.

"शाल वाटेत कधीतरी घसरली. मी आपला जोरात पॅडल मारतोय, जवानीचा पॉवर दाखवतोय. एकदा पण मागे वळून बघितलं नाही. जो खांदा वाऱ्याला होता, तीच बाजू गेली. डॉक्टरचं चित्र बरोबर असेल, मास्तर. पण मी बघितलं नाही ना."

तेव्हा मला कळलं की खुर्ची पुढे का बसवली आहे. मला माझ्या त्या वर्गातल्या आवाजाची लाज वाटली. मुलांच्या वहीतल्या त्या वाक्यांवर मी इतकी वर्षं बरोबरची खूण करत आलो होतो.

जॅकेट शेवटी काकींनीच निवडलं. माझ्या मुलीचं जुनं, मोरपंखी रंगाचं, धावायला जाताना घालायचं. मी ते फक्त बाहीचं माप दाखवायला नेलं होतं. काकींनी डाव्या हातानं ते मांडीवर ओढलं आणि म्हणाल्या, "ह्याच."

काकांनी फुंकर मारून पाहिली. पुढून ठीक होतं, पण काखेत घाम जायला जाळी होती. "वारो शिरता," ते म्हणाले. काकींनी मूठ सोडली नाही. पुढचे दोन दिवस खालच्या मजल्यावरून शिवणयंत्राचा आवाज येत होता. तिसऱ्या दिवशी जॅकेट पाहिलं तर जाळीला आतून छत्रीचं काळं कापड लावलेलं, गळ्याला वेगळी पट्टी.

शनिवारी सकाळी आम्ही निघालो. काकांनी काकींना आधी उजवी बाही, मग डावी चढवली, हनुवटीपर्यंत चेन ओढली, वर मफलर बांधला, पट्टा आवळला. गाडी चालत्या माणसाच्या वेगानं निघाली. मी माझ्या सायकलवर मागे, पडू नये म्हणून धडपडत. हायवे ओलांडून मिठागरांच्या रस्त्याला लागेपर्यंत काकांची नजर त्या मफलरवरून हलली नाही. रस्ता दिसत होता की नाही देव जाणे.

मग मिठागरं दोन्हीकडे उघडी झाली आणि खाडीचा तो खारट, चिखलाचा वास आला. समोरून गार वारा सुटला. काकींनी डावा हात वर केला. आधी मफलर ओढून काढला. मग चेन धरली आणि हळूहळू छातीपर्यंत खाली आणली.

काकांनी कचकन ब्रेक दाबला. उतरून पुढे गेले, चेन वर ओढायला लागले. "सुलू, वारो शिरता गो."

काकींनी त्यांचा हात धरून ठेवला. एकेक शब्द शोधत होत्या, म्हणून वेळ लागला. आम्ही दोघं थांबलो.

"त्या दिसा," त्या म्हणाल्या. "शाल. मीच काढलंय."

काकांनी चेन सोडली.

"घसराक नाय. मीच. माका... वारो व्हयो होतो."

मी माझी सायकल थोडी मागे घेतली. काकांनी दोन्ही हातांनी खुर्चीची कड धरली होती आणि मान खाली घातली होती. खांदे हलत होते. काकींनी डावा हात त्यांच्या डोक्यावर ठेवला.

मग काकांनी नाक पुसलं आणि विचारलं, "थंडी वाजता?"

"वाजता."

"मगे?"

"ऱ्हवांदे," काकी म्हणाल्या. आणि खाडीकडे हात करून म्हणाल्या, "बेगीन."

काका सीटवर चढले. आधी हळू, मग त्या दगडासारख्या पोटऱ्यांनी जोर धरला आणि तीनचाकी सुटली. मला गाठता येईना. दूरवर एवढंच दिसत होतं की तीन वर्षं दुकानं पालथी घालून, शेवटी छत्रीचं कापड लावून ज्यातून वारा शिरू नये अशी तयारी केली होती, ते मोरपंखी जॅकेट वाऱ्यानं टम्म फुगलं होतं.