आमच्या शेळके सिस्टर

आमच्या शेळके सिस्टरांना ‘बरं आहे’ म्हणणारा माणूस सहन होत नाही. कण्हणाऱ्याला त्या एकदा तपासतात, ‘बरं आहे’वाल्याला दोनदा. “बरं असतं तर जालन्याला कशाला आल्ता?” एकदा सकाळी मीही सहज तसं म्हणाले, तर माझी पापणी ओढून त्यांनी मला रक्त तपासायला धाडलं. हिमोग्लोबिन खरंच कमी निघालं. मी इथल्या कॅन्सर वॉर्डाची इन्चार्ज. कौतुक करायची मला सवय नाही. पण ही बाई माझ्या वॉर्डात आहे, हे मी दहाजणांना सांगते.

मंठ्याकडचे धोंडिबा, मेंढरं राखणारे. रक्ताचा कॅन्सर. किमोनंतर पांढऱ्या पेशी पार उतरलेल्या. अशात साधा तापही जीव घेतो. नातीचं लग्न तोंडावर आलेलं, म्हणून सुट्टी मागत होते. थर्मामीटरवर ताप नव्हता.

पण ऐन वैशाखात म्हाताऱ्याने पंखा बंद करायला लावला आणि घोंगडी हनुवटीपर्यंत ओढली.

“कसं काय, बाबा?”

“बरं हाय. लई बरं हाय.”

सिस्टरांनी घोंगडी उचलली. काखेत ओला पंचा दाबलेला, थर्मामीटरला ताप कळू नये म्हणून.

“बाई, मी न्हाई गेलो तर अक्षता कोण टाकील?”

“अक्षता टाकायला सारं गाव हाये. पेशी वाढवायला तुम्ही एकलेच.”

“वैरीण हायेस माझी.”

“असंन. हात सरळ ठेवा, सुई हलून राह्यली.”

डॉक्टरांना बोलावून त्यांनी लगेच रक्त तपासायला पाठवलं, अँटिबायोटिक सुरू केलं. संध्याकाळी बीपी कोसळलं, तेव्हा औषध अंगात गेलेलं होतं. म्हातारा वाचला. सिस्टरांशी मात्र बोलेना.

लग्नाच्या दिवशी सिस्टरांची सुट्टी होती. एरवी सुट्टीतही त्या वॉर्डात चक्कर मारतात. घरी कुणी नाही. त्या दिवशी फिरकल्या नाहीत. संध्याकाळी एसटीतून उतरून थेट आल्या, केसांत अक्षतेचे दोन दाणे.

“जेवलात का?” मी विचारलं.

“न्हाई. मंग गाडी चुकली असती.”

कपडे बदलून, हात धुऊन, मास्क लावून त्या धोंडिबांच्या खाटेशी स्टुलावर बसल्या. मांडव केवढा, नवरदेव कसा, कोण रुसलं, सगळं बारकाईने सांगू लागल्या. म्हातारा भिंतीकडे तोंड करून ऐकत होता.

“पोरगी रडली का?” त्याने शेवटी विचारलं.

“रडली की.”

“कुणाच्या गळ्यात पडली?”

“माझ्या.”

म्हातारा वळून त्यांच्याकडे बघत राहिला. पंगतीचं सांगायचं राहू देऊन सिस्टरांनी त्याची घोंगडी सारखी केली.