देवरावकाकांच्या तीन वाट्या

देवरावकाकांना वेळ विचारू नये. मनगटावर घड्याळ असतं, पण ते सांगत नाहीत. "शाळेची गाडी येऊन गेली, दूधवाला अजून याचा हाय. मंग सांगा भाऊ, किती वाजले असन?" असं उलट आपल्यालाच विचारतात. एका कुरिअरवाल्यानं "काकू घरी आहेत का?" म्हणून विचारलं, तर म्हणाले, "दारात चपला नाईत, पन आत कुकर शिट्ट्या मारून राह्यला. काय समजाचं?" तो घामाघूम झाला. शेवटी काकूच बाहेर आल्या आणि सही करून त्याला सोडवलं.

काकांचं सेलूला भांड्यांचं दुकान होतं. ते पुतण्याच्या हवाली करून दोघं वर्ध्याजवळ सिंदी मेघेत आमच्या शेजारी राहायला आले. दुकान सुटलं, भांडी सुटली नाहीत. संध्याकाळी काका ओट्यावर सतरंजी टाकतात, पितळेची, तांब्याची आणि स्टीलची अशा तीन वाट्या पालथ्या मांडतात, एकीखाली लाडू दडवतात, स्टीलच्या वाटीशेजारी चमचा ठेवतात आणि कॉलनीतली बारकी पोरं गोळा होतात.

"लाडू पितळेच्या वाटीखाली नाई. चमच्याच्या बाजूच्या वाटीखाली बी नाई. मंग कुठं?"

पोरं ओरडतात, "तांब्याच्या!"

"काऊन?"

हे 'काऊन', म्हणजे का ते, सांगता आलं तरच लाडू. उगाच बोट दाखवलं तर काका चिडतात. "अंदाज पावसाचा घेवाव, लाडवाचा नाई!"

आमच्या चार वर्षांच्या चिरंजीवांनी एकदा तिन्ही वाट्या उचलून पाहिल्या आणि म्हणाले, "आता समजलं." मला लाज वाटली. काकांनी मात्र त्याला लाडू दिला. "पुरावा पाहून बोलला पोट्टा."

काकूंना या सगळ्याचा वैताग. भाजी काय करू विचारलं, की "वांगं नाई, हिरवं नाई, काल खाल्लं ते नाई." एके दिवशी काकूंनी नुसता वरण-भात वाढला आणि म्हणाल्या, "भाजी काऊन नाई केली, वळखा आता." काका गुपचूप जेवले.

या पोरांत समोरच्या घरातली ओवी सगळ्यात हुशार. सहा वर्षांची, फार बोलत नाही. गालावर बोट ठेवून वाट्यांकडे पाहत बसते. यंदा तिची आई बाळंतपणासाठी नागपूरला दवाखान्यात गेली आणि रिकाम्या हातांनी परत आली. बाळ गेलं होतं. ओवीला काही कळू द्यायचं नाही, असं मोठ्यांनी ठरवलं. बाळ दवाखान्यात आहे, मोठं झालं की येईल, असं सगळे तिला सांगू लागले. मीही तेच सांगितलं.

त्या आठवड्यात ओवी खेळायला आली, पण वाट्यांकडे पाहिलंच नाही. पोरं घरी गेल्यावर ती काकांजवळ सरकली. मी तिथंच ओट्यावर बसलो होतो.

"काका, मी एक सांगू? बाबांनी बाळाची झोळी सोडून ठेवली. आजीनं टोपडी कपाटात ठेवली. बाळाचा फोटो कोणीच दाखवत नाई. आई बाथरूममध्ये जाऊन रडते." तिनं गालावर बोट ठेवलं. "मंग बाळ दवाखान्यात नाई. बाळ मेलं."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवून नको म्हटलं.

"हो बेटा," काका म्हणाले. "बाळ नाई राह्यलं."

ओवी रडली नाही. हळूच म्हणाली, "माझ्यामुळे ना? मी आईच्या पोटाशी तोंड नेऊन जोरात ओरडली होती. मंग बाळ भेलं असन."

हे पोर इतके दिवस काय घेऊन हिंडत होतं!

काकांनी तिला उचलून मांडीवर घेतलं. "नाई! हे साफ चूक. ओरडल्यानं कोनतंच बाळ मरत नाई. ते आजारी होतं. डॉक्टरले बी वाचवता नाई आलं. तुहा काईच दोष नाई." तेच ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले. मग कुठे ओवीला रडू फुटलं.

तिला कडेवर घेऊन काका समोरच्या घरी गेले. मी मागोमाग. सगळं ऐकून ओवीचे बाबा संतापले. "काका, तुम्हाले कोणं सांगतलं होतं हे बोलाले?"

"मले शिव्या मंग देजो. पोरगी सोताले दोष देऊन राह्यली. पहिले तिले जवळ घे."

आतल्या खोलीतून ओवीची आई आली. तिनं हात पुढे केले. ओवी आईच्या गळ्यात पडली आणि दोघी दारातच बसून रडल्या. बाबाही मग त्यांच्याजवळ खाली बसले. आम्ही निघालो.

रस्त्यात मी म्हटलं, "काका, एवढ्या लहान पोरीला सांगायची तुमची हिंमत कशी झाली?"

काका रस्त्यातच थांबले.

"मी तिच्याएवढा होतो तवा माही माय वारली," ते म्हणाले. "मले म्हने, मामाच्या गावाले गेली, येईन. मले वाटे, मी दूध सांडवलं म्हनून रागावून गेली. रोज फाटकापाशी बसून राहो. मंग एक दिवस आमच्या आष्टीच्या बजारात एक बाई दुसऱ्या बाईले सांगून राह्यली होती, का देवरावची माय मेली, बिचारी." त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "मी तिथंच उभा होतो, भाऊ."