बाबारावांची बिनमाशांची टाकी

अमरावतीत आमच्या शेजारी राहणारे बाबाराव रोज सकाळी माशांच्या टाकीत चिमूटभर खाणं टाकायचे. टाकीत मासा एकही नव्हता. दिवा चालू, फिल्टर बुडबुडतोय, तळाला धुतलेली रेती, आणि बाबाराव नुसत्या पाण्याकडे डोळे वटारून बघताहेत.

"काका, मासे कुठं आहेत?" असं कुणी विचारलंच, तर त्याची खैर नसे.

"डोकं हाय का खोकं? पाणी तयार करून राह्यलो, दिसत नाही तुले?"

बाबाराव निवृत्त कंपाउंडर. कुकरची शिट्टी उशिरा झाली तरी कुकरला शिव्या घालणारा माणूस. पण या टाकीमागे गेल्या उन्हाळ्याचा राग होता. पुण्याहून नात आली होती, चिऊ. तिच्या हट्टापायी त्यांनी एकाच संध्याकाळी टाकी आणली, भरली आणि रंगीत मासे सोडले. दोन-तीन दिवसांत सगळे उलटे तरंगायला लागले. पोरगी रडत रडतच परत गेली.

कारण त्यांना नंतर कळलं. माशांच्या घाणीचं पाण्यात विष होतं आणि ते पचवणारे जिवाणू नव्या टाकीत नसतात. फिल्टरच्या स्पंजात ते वाढायला कितीतरी आठवडे लागतात, आणि तोवर त्यांच्यासाठी पाण्यात काहीतरी सडू द्यावं लागतं. म्हणून ते रोजचं खाणं.

मध्येच एकदा कामाला येणाऱ्या शांताबाईंनी तो बुळबुळीत स्पंज साबण लावून लख्ख धुतला. गल्लीभर आवाज गेला. "मारले ना माय तुमी सगळे! एक नाही ठेवला!"

शांताबाई धापा टाकत आमच्या दारात. "काका म्हणते म्या जीव घेतले. पण कोणाचे घेतले, ते तं सांगा!"

पुन्हा पहिल्यापासून सुरुवात झाली.

शेवटी पाणी तपासायच्या नळीत हवा तो रंग उतरला; पाणी तयार झालं. त्या दिवशी बाबाराव कुणावरच ओरडले नाहीत. गल्लीला काळजी वाटली. संध्याकाळी मुलाचा फोन आला. चिऊचा सुट्टीत पोहण्याचा वर्ग आहे, यंदा येणं जमणार नाही. नातीला सांभाळायला पुण्याला गेलेल्या त्यांच्या बायकोचा, आमच्या काकूंचा, मुक्कामही तिकडेच राहणार.

"नका येऊ! कोण बोलावून राह्यलं तुमाले?" बाबारावांनी फोन आदळला आणि मग बराच वेळ पंख्याला झापलं.

आता टाकी रस्त्यावर येणार, असं मी धरून चाललो होतो. पण दुसऱ्या दिवशी ते माझ्या दारात उभे. "गाडी काढ. मासे आणू."

दुकानात अस्लमभाईंनी काचेच्या बरणीतला एक झुपकेदार निळा मासा दाखवला. "काका, घरात एकटे तुमी. हा फायटर घेऊन जा. एकटाच राहतो. दुसरा दिसला की अंगावर जातो. तुमाले शोभते!"

मला हसू येणार होतं. बाबारावांचा चेहरा पाहून ते गिळलं.

"एकटा राहतो म्हणते! त्याले इच्यारलं का कधी?" सगळं दुकान वळून बघायला लागलं. मग आवाज एकदम खाली आला. "घोळक्यानं राहणारे दाखवा."

अस्लमभाईंनी जाळी घेतली आणि पट्ट्यापट्ट्यांचे इवले झेब्रा मासे पिशवीत भरले. परतीच्या वाटेवर बाबाराव त्या पिशवीवर हाताचा आडोसा धरून बसले होते. खड्डा आला की शिव्या मला.

घरी त्यांनी पिशवी आधी तशीच पाण्यावर तरंगत ठेवली, मग हळूच मासे सोडले. ते सगळे एका कोपऱ्यात चिकटून थरथरत राहिले. मी जायला उठलो.

"थांब ना जरासा," बाबाराव टाकीकडे बघतच म्हणाले. "नवीन घर हाय. माणसाचा आवाज असला म्हणजे बरं वाटते त्याहिले."

मी पुन्हा बसलो. काहीबाही बोलत राहिलो. मासे केव्हाच मोकळे होऊन टाकीभर फिरायला लागले, पण मला 'जा' म्हणायचं बाबारावांनी नाव काढलं नाही.