कऱ्हाळे सरांचा अर्धा र

सकाळी सातला आमचं दार वाजलं की दूधवाला आला असं समजून कुणी पातेलं घेऊन धावत नाही. कऱ्हाळे सर असणार, हे ठरलेलं. कानाला पेन्सिल, हातात कागद, आणि रामराम-नमस्कार काही नाही, थेट प्रश्न. "बाई, हितं 'ए' येतंय का 'द'?"

मी कळमनुरीच्या शाळेत इंग्रजी शिकवते. इतक्या वर्षांत 'ए' कधी आणि 'द' कधी हे एकाही लेकरानं मला आपण होऊन विचारलेलं नाही. आणि हा साठी उलटलेला माणूस मला कणकेच्या हातानं दारात उभी करून विचारतो! मी म्हणते, "द." पण तेवढ्यावर सुटका नाही. "काहून?" आता काहून ते मला तरी कुठं सांगता येतंय! "कानाला बरं लागतं म्हणून," मी म्हणते. सर मान हलवतात. "कानाचं नका सांगू. लेखी कुठं हाय?" मग व्याकरणाचं पुस्तक शोधावं लागतं, आणि तवा तापून लाल होतो.

सर म्हणजे दिगंबर कऱ्हाळे. आमची दोघांची भिंत एक. बसस्थानकामागं त्यांचा टायपिंगचा वर्ग होता, तीस वर्षं. तालुक्यातले अर्धे कारकून त्यांच्या हाताखालून गेले. मीही गेले. अक्षरांकडे बघून टाईप करायचं नाही म्हणून सर आमच्या हातांवर टॉवेल टाकायचे. पुढं मशीन गेली, संगणक आले, मग ज्याच्या त्याच्या हातात फोन आला आणि वर्ग बंद पडला. मी लग्न करून गेले होते, ती तीन वर्षांपूर्वी बदलीवर परत आले, तर शेजारी सर. केस गेलेले, बाकी नग तोच.

लेखी गोष्टीचं त्यांना भारी वेड. वस्तू घेतली की लोक खोकं फोडतात, सर आधी आतली पुस्तिका वाचतात. एकदा फवारणीचा पंप घ्यायला गेले. दुकानात उभ्या उभ्या त्यांनी सगळी पुस्तिका वाचली आणि दुकानदाराला म्हणाले, "चौथ्या पानावर म्हणतेत झाकण आधी लावा, सातव्यावर म्हणतेत नंतर लावा. बराबर कोणतं?" दुकानदार म्हणाला, "सर, पंप चालतो ना, झालं तर." सर पंप न घेता परत आले. पंपवाल्यांना दोन पानी पत्र मात्र घातलं.

आता हे 'ए' आणि 'द' कशासाठी, ते सांगते. संगणकावर चालणारं एक साधन आहे. जगभरच्या लोकांनी मिळून बनवलेलं, फुकट. तुम्ही जे लिहाल त्याची प्रत्येक आवृत्ती ते जपून ठेवतं. आज लिहिलं, उद्या बदललं, परवा पस्तावलात, तर आजचं परत काढून देतं. शिवाय कुणी, केव्हा, काय बदललं तेही नावानिशी सांगतं. त्याचं इंग्रजी नाव सरांच्या तोंडात बसत नाही. शेताला असतो तसा हा लिखाणाचा राखणदार, म्हणून ते त्याला राखणदारच म्हणतात. हे साधन वापरायचं कसं, याची माहितीची पानं असतात. तीही लोकांनीच लिहिलेली. त्यात चूक दिसली तर कुणीही दुरुस्ती पाठवावी, तिकडचे जाणते लोक तपासतात, पटली तर घेतात. पानंच नव्हे, साधनातला बिघाडसुद्धा कुणीही दुरुस्त करून पाठवावा. या बिघाडाला जगभर बग म्हणतात, म्हणजे किडा. सरांची पाच एकर पऱ्हाटी आहे, म्हणजे कापूस, तेव्हा ते म्हणतात अळी. "बाई, राखणदाराला अळी लागली," असं पहिल्यांदा म्हणाले तेव्हा मी त्यांना औषधाचं नाव सुचवलं होतं.

राखणदाराचं बोलणं जरा उर्मट आहे. साधं नाव चुकलं तरी तो 'फेटल' म्हणून ओरडतो. सर कागद घेऊन आले. "फेटल म्हंजे जीवघेणं ना हो? माझी एक वेलांटी चुकली. त्यात हा जीव काहून घेऊन राहिला?" हा शब्द बदलावा अशी विनंती त्यांनी धाडली. उत्तर आलं, इकडं असंच म्हणायची पद्धत आहे. सर दोन दिवस घुश्श्यात होते.

पहिली दुरुस्ती मान्य झाली ती एका 'नॉट'ची. एका पानावर 'हे करू नका' असं पाहिजे होतं, तिथं 'हे करा' छापलं होतं. सरांनी 'नॉट' घातला. तो मान्य झाल्याचं कळलं त्या दिवशी त्यांनी गल्लीभर पेढे वाटले. कशाचे पेढे म्हणून लोक विचारत होते आणि काकू, म्हणजे सरांची बायको, पदरानं तोंड झाकून सांगत होत्या, "नॉटचे."

मला मेलीला भोचकपणा जन्माचा. म्हातारपणी कुणी भजनी मंडळात जातं, कुणी नरसीच्या देवळात जाऊन बसतं. हा माणूस परदेशातल्या कुणाच्या तरी पानावर 'नॉट' काहून घालून राहिला? सरांना विचारलं तर म्हणाले, "चूक दिसली की बोटं वळवळतेत." ते काही मला पटलं नाही. शेवटी एका दुपारी मी शेंगा फोडायच्या निमित्तानं काकूंपाशी जाऊन बसले.

"समदं वाठोरे भावजींसाठी चालू हाय," काकू म्हणाल्या.

वाठोरे सर मला चांगले आठवत होते. टायपिंगचा वर्ग दोघांचा होता. कऱ्हाळे सर टॉवेल टाकायचे आणि प्रल्हाद वाठोरे सर हळूच टॉवेल उचलून आमच्या बोटांची जागा नीट करून द्यायचे. मूळचे हट्टा गावचे, पण सगळी कामाची वर्षं इथंच काढली. वर्ग बंद झाल्यावर दोघांनी नवं काम काढलं. आपल्या भागातले बोलीतले शब्द गोळा करायचे, एका शब्दाला एक पान. राखणदार शोधून आणला तो वाठोऱ्यांनीच. दोघं आपापल्या संगणकावर टाईप करायचे आणि आठवड्यानं सगळं एकत्र करायचे. ओट्यावर बसून चऱ्हाट जाड का दावं जाड यावर तास तास वाद घालायचे. काकू म्हणाल्या, दोघांना भांडायचं इतकं सुख होतं की चहा निवून जायचा.

मग पाच वर्षांपूर्वी एकदा सर पानं एकत्र करायला बसले आणि राखणदारानं यादी दाखवली. पुसलेली पानं, साठ-सत्तर. सगळी कऱ्हाळे सरांनी टाईप केलेली. पुसणाऱ्याचं नाव प्रल्हाद वाठोरे.

सरांनी यादी छापली आणि तडक वाठोऱ्यांच्या घरी गेले. तिथं चार पाहुणे बसले होते. त्यांच्यादेखत म्हणाले, "तुमी माझं लिखाण पुसलं." वाठोरे म्हणाले, "म्या एक अक्षर पुसलं न्हाई." सरांनी कागद पुढं धरला. "लेखी हाय." वाठोरे महिन्याभरात सामान बांधून हट्ट्याला निघून गेले.

"पानं समदी त्याच दिवशी परत आली हो," काकू शेंगा फोडता फोडता म्हणाल्या. "राखणदारानं काढून दिली. भावजी तेवढे आले न्हाईत."

दुसऱ्या दिवशी सकाळी सर आले तेव्हा मी दारातच अडवलं. म्हटलं, वाठोरे सरांचं सांगा, नाहीतर आजपासून 'ए' पण नाही आणि 'द' पण नाही. सर पायरीवर बसले. खिशातून घडी पडून पडून फाटायला आलेली ती यादी काढली. "वाचा."

मी वाचली. पऱ्हाटी, गोऱ्हा, चऱ्हाट, वऱ्हाड, तऱ्हा, कऱ्हाळे.

"काय दिसून राहिलं?"

"शब्द."

"तीन वर्ष मलाबी शब्दच दिसले. बाई, समद्यात अर्धा र हाय."

मग त्यांनी मला समजावलं. हा पापणीसारखा अर्धा र संगणकावर दोन तऱ्हांनी लिहिता येतो. कागदावर बघाल तर दोन्ही तंतोतंत एक, भिंग लावा नाहीतर दुर्बीण लावा. पण संगणकाच्या पोटात दोन वेगळे. सर एका तऱ्हेनं लिहितात. वाठोऱ्यांच्या संगणकानं पानांची नावं दुसऱ्या तऱ्हेनं लिहून टाकली. राखणदाराला वाटलं जुनी पऱ्हाटी गेली आणि ही नवीनच कुठली पऱ्हाटी आली. जुनी कुणी पुसली? तर वाठोऱ्यांनी. मला तर हसावं का रडावं कळेना. तीस वर्षांची दोस्ती, आणि मोडली कशानं, तर पापणीएवढ्या र नं!

"अहो मग आजच जा आणि सांगा त्यांना!"

"तोंडी?" सरांनी माझ्याकडं असं पाहिलं की जणू मीच काही वंगाळ बोलले. "म्या चार लोकांत लेखी आळ घेतला. आता तोंडी माघार घेऊ? राखणदाराच्याच पानावर छापून आलं पायजे, का चूक त्याची हाय, माणसाची न्हाई. तवा मी हट्ट्याला जाईन."

"मग हे 'ए' आणि 'द'?"

"ओळख नको का? उपऱ्या माणसाचं कोण ऐकतं? आधी बारीक बारीक दुरुस्त्या देऊन राहिलो. मग मोठी अळी काढणार."

मोठी अळी काढायला दोन वर्षं लागली. आधी तिकडच्यांना अर्धा र समजावणं आलं. सरांनी पत्र लिहिलं, मी इंग्रजी केलं. उत्तर आलं, ही दोन्ही नावं आम्हाला अगदी सारखी दिसतात, मग अडचण काय आहे? सर आमच्या बैठकीत उभे राहून ओरडले, "अहो हीच तर अडचण हाय!" मग पापणीचं चित्र काढून धाडलं. तिकडून विचारणा झाली, असं अक्षर कितीजण वापरतात? सरांनी लिहिलं, एकट्या हिंगोली जिल्ह्यात कऱ्हाळे किती आहेत ते मोजायला बसू का? ते वाक्य मी गुपचूप काढून टाकलं. पण आमचा पत्रव्यवहारही राखणदारातच ठेवलेला. दुसऱ्या दिवशी सर हजर. "बाई, सात वाजून दहा मिंटाला तुमी एक वाक्य काढलं."

दुरुस्ती त्यांनी स्वतः शिकून लिहिली. तीनदा परत आली. एकदा तर त्यांच्या दुरुस्तीनं दुसराच बिघाड झाला आणि सर आठवडाभर दाढी न करता बसले. काकू मला म्हणायच्या, "एवढ्या तकलीफीत तर हट्ट्याच्या शंभर चकरा झाल्या असत्या." मलाही ते पटायचं, पण सरांपुढं बोलायची हिंमत नव्हती.

या माघात दुरुस्ती मान्य झाली. आता दोन नावं दिसायला सारखी आणि आतून वेगळी असली, की राखणदार आधी थांबून सांगतो. पान पुसलं असं म्हणत नाही. आणि माहितीच्या पानात एक नवा परिच्छेद आला आहे, सगळा इंग्रजी, मधोमध उदाहरणाला आपली पऱ्हाटी, दोनदा. सरांनी तो छापला, प्लास्टिकच्या पाकिटात घातला आणि म्हणाले, "चला बाई. तुमी साक्षीला."

दोन एसट्या बदलून आम्ही हट्ट्याला पोचलो. वाठोरे सरांच्या अंगणात शिजवलेली हळद वाळत घातली होती आणि ते फावड्यानं ती खालीवर करत होते. पार वाकले होते. आम्हाला बघून त्यांनी फावडं भिंतीला टेकवलं.

"जयभीम, वाठोरे," कऱ्हाळे सर म्हणाले.

"जयभीम. बसा." त्यांनी दोन खुर्च्या आणल्या. सरांनी न बसताच पाकीट पुढं केलं. वाठोऱ्यांनी धोतराच्या सोग्याला हात पुसले, चष्मा लावला आणि पान वाचलं. मग परत पहिल्यापासून वाचलं.

"चांगलं लिवलंय," ते म्हणाले. "पण हे मला ठाऊक व्हतं."

"कवापसून?"

"त्याच दिवशी. तुमी गेल्यावर यादी काढून बघितली. समद्यात अर्धा र. पाच मिंटात कळलं."

कऱ्हाळे सर मटकन खुर्चीत बसले. "पाच मिंटात? मला तीन वर्ष लागली! मग सांगितलं काहून न्हाई?"

"तुमी विचारलं कुठं?" वाठोरे सर अजिबात चढ्या आवाजात बोलत नव्हते, तेच मला जास्त लागलं. "तीस वर्ष एका बाकड्यावर बसलो आपण. येऊन नुस्तं म्हणायचं, वाठोरे, हे कसं काय झालं? सांगितलं असतं. तुमी विचारलं न्हाई, कागद दाखवला. आता पुन्ना कागदच घेऊन आलात."

सरांनी माझ्याकडं पाहिलं. अडलेला शब्द माझ्याकडं मागायची त्यांना सवय. या वेळी माझ्याकडं काही नव्हतं. त्यांनी चष्मा काढून हातात धरला. "चुकलं माझं, वाठोरे," ते म्हणाले. "तुमच्याबिगर करमत न्हाई मला. पाच वर्ष झाली, कोणाशी भांडलोबी न्हाई."

मी पदर तोंडाला लावला. वाठोरे सरांनी ते पाकीट खुर्चीवर ठेवलं, उन्हाकडं पाहिलं आणि हळदीखालच्या ताडपत्रीचं एक टोक उचललं.

"ऊन उतरलं. धरा तिकडून," ते म्हणाले.

सर उठले. दोघांनी ताडपत्री गोळा केली, आणि ती करता करता हळद उद्या पालथी करायची का परवा, यावर त्यांची जुंपली. मला चहा कुणी विचारला नाही. साडेपाचची एसटी मी एकटीनंच धरली. सर तिथंच राहिले.