रविवारी त्वात्वा कुठे जातो?

"पारामारिबो शहरात दोनच गोष्टी कधी चुकत नाहीत," लुडविखमामा म्हणतात, "नदीची भरती आणि मी." भरतीचं मला माहीत आहे. मामा लोकांचं हरवलेलं शोधून देतात, पण त्यांनी शोधायला घेतलेलं शेवटचं मांजर त्यांच्याच खुर्चीखाली निघालं होतं. मी त्यांचा भाचा आणि बिनपगारी मदतनीस. छत्री धरतो आणि मागाहून लोकांची माफी मागतो.

या खेपेला बोलावणं संग्रहालयाच्या मर्लीनचं होतं. आवारातली पायवाट तिनेच आखलेली. आधी महोगनीचं झाड, मग उसाचा रस आटवायची जुनी काहील, शेवटी तोफ. तोफेमागच्या फायालोबीच्या झुडपात एक त्वात्वा पक्षी रोज शीळ घालायचा. दिसत कुणालाच नसे, पण मर्लीनने झोकात पाटी लावली होती, 'इथे रानातला त्वात्वा राहतो.' लोक त्याच्यासाठीच येत.

"पण रविवारी गायब होतो हो!" ती रडकुंडीला आली होती. "आणि उद्या रविवारीच रामखेलावनसाहेब तपासणीला येताहेत. पक्षी नसला तर पाटी खोटी, वाट बंद आणि मी घरी."

मामांनी पहिला संशय घेतला आवारातल्या मांजरावर. त्याचे ठसे बघायला काहिलीत उतरले आणि तिथेच अडकले. पहारेकरी वागिमानकाका आणि मी, दोघांनी ओढून काढलं.

"पक्षी तोफेला घाबरतो," मामा म्हणाले.

"मामा, ती कित्येक वर्षांत उडालेली नाही."

"म्हणजे आता कधीही उडेल! नाहीतर..." मामांनी डोळे मिटले. "पक्षी भाविक आहे. रविवारी चर्चला जातो."

"जातात बापडे कुठे ना कुठे," वागिमानकाका पुटपुटले.

रविवारी सकाळी मामा झुडपात दबा धरून बसले. पक्षी नाही, साहेबही नाहीत. शेवटी मर्लीनने साहेबांच्या घरी फोन लावला. बाईसाहेब हसायलाच लागल्या.

"अगं, तपासणी विसरले असतील! रविवारी सकाळी कुठे असणार? पिंजरा घेऊन मैदानात गेलेत, पक्ष्यांच्या शिळेच्या शर्यतीला. गावातले सगळे पाळलेले त्वात्वा तिथेच असतात!"

"पाळलेले?" मर्लीनचा चेहरा पडला.

तेवढ्यात मामा झुडपातून बाहेर आले. कॉलरीत पिंजरा टांगायचा आकडा अडकलेला. "हे काय मघापासून टोचतंय?"

आम्ही मैदानात पोचलो तेव्हा दोन पिंजरे समोरासमोर टांगले होते. एक रामखेलावनसाहेबांचा, दुसरा वागिमानकाकांचा. पक्ष्यांच्या प्रत्येक शिळेला पंच फळ्यावर खडूची रेघ मारत होता. इतक्यात मामा असे शिंकले की अख्खं मैदान दचकलं. साहेबांचा पक्षी गप्प झाला. काकांचा गातच राहिला.

"एवढा धीट कसा हो तुमचा?" साहेबांनी विचारलं.

"शाळेच्या पोरांच्या गोंगाटात तयार झालाय, साहेब. संग्रहालयात, तोफेमागे टांगतो."

"काका!" मर्लीन ओरडली. "मग मी पाटी लावली तेव्हा बोलला का नाहीत?"

"इतक्या हौसेनं लावलीस, पोरी. चारचौघांत तुला खोटं कसं पाडू?"

मर्लीन साहेबांकडे वळली. "उद्याच काढते पाटी. पण वाट तेवढी बंद करू नका."

साहेब आपल्या मुक्या पक्ष्याकडे बघत राहिले. "पाटी राहू दे. 'रानातला' तेवढं खोड. आणि झुडपात आणखी एक आकडा ठोक. उद्यापासून माझाही येईल."

"म्हटलं नव्हतं?" मामा नाक पुसत म्हणाले. "चर्च कुठलं, एवढंच बाकी होतं!"

आता पाटीवर आहे, 'इथे दोन त्वात्वा शीळ घालतात. रविवारी सुट्टी.' खाली मामांनी खडूने लिहिलंय, 'शोध : लुडविख एसायास.' वागिमानकाका रोज पाटी पुसतात, पण तेवढी ओळ सोडून. इतक्या हौसेनं लिहिलीय म्हणतात.