सुधाकरमामांची चार घरांतली गाडी

माझ्या बायकोच्या, म्हणजे वैशालीच्या, सुधाकरमामांकडे जुनी ॲम्बॅसॅडर आहे. पण ती अख्खी बघायची म्हटली तर तुम्हाला एक दिवस रजा टाकावी लागेल. सांगाडा दापोडीत मामांच्या घरासमोर ताडपत्रीखाली, एक दरवाजा तळेगावला मेहुण्याच्या पार्किंगमध्ये, डिकीचं झाकण हिंजवडीला मेहुणीकडे आणि बॉनेट मोशीत, आमच्या चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीत. मामांना गाडी चालवता येत नाही, ती गोष्ट तर वेगळीच.

मामा एका कंपनीच्या स्टोअरमधून रिटायर झाले. लग्न केलं नाही, आईबरोबर राहिले. आजी होत्या तोवर सणावाराला सगळं गोत दापोडीला जमायचं. त्या गेल्यावर ते जमणं बंद पडलं. मुद्दाम कुणी बंद केलं असं नाही, पडलं.

मग मामांनी भंगारवाल्याकडून ही गाडी उचलली. "जुना रंग पार काढायचा, मूळ पत्र्यापर्यंत जायचं," असं त्यांनी जाहीर केलं. "रंगावर रंग मारणं म्हणजे आंघोळ न करता पावडर लावणं." मेकॅनिककडून भाग सुटे करून घेतले आणि घरात जागा नाही म्हणून नातेवाइकांत वाटले. लोक पेढे वाटतात.

बॉनेट लिफ्टमध्ये मावेना. जिन्यानं आणलं. खालची बाजू माझ्याकडे होती. "जावईबापू, दोन-तीन रविवारांचं काम," मामा वरून म्हणाले. त्यानंतर पाडवा झाला, गणपती झाले, दिवाळीही झाली.

मी चाकणला क्वालिटीत आहे. आठवडाभर शिफ्ट आणि नाक्यावरचं ट्रॅफिक, हातात काय तो रविवार. त्या रविवारी चहाच्याही आधी गॅलरीतून आवाज सुरू होतो. खर्र. खर्र. मामा पाटावर बसून लोखंडी पत्रीनं रंग खरवडत असतात. मग पॉलिश पेपर, मग फडकं, मग बराच वेळ नुसतं बघणं. दोरीवरच्या माझ्या शर्टांवर रंगाची भुकटी. एकदा त्यांनी रंग सोडवायचं औषध आणलं होतं. त्या वासानं खालच्या मजल्यावरचे काका नाकाला रुमाल लावून वर आले. मामांनी त्यांनाही बसवून घेतलं आणि गाडीचा इतिहास सांगितला.

हा इतिहास मामांना पापुद्र्यांवरून कळतो. वरचा पांढरा निघाला की खाली निळा, त्याखाली करडा. "निळी होती तेव्हा डॉक्टरकडे होती ही."

"कशावरून मामा?"

"सावकाश घासा, कळतं."

मला इतकंच कळलं, की आमच्या गॅलरीत खुर्ची टाकायची सोय उरली नाही.

पावसाळ्यात कहर झाला. निम्मं बॉनेट लख्ख निघालं होतं. उघड्या पत्र्याला लगेच प्रायमर मारतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मामांनी मारला नाही. पुढच्या रविवारी सगळा तांबूस गंज.

"अरेरे," मामा म्हणाले. चेहरा मात्र अजिबात पडला नव्हता. "पुन्हा घासावं लागणार."

माझं डोकं सणकलं. "मामा, भोसरीत एक शॉप आहे. वाळूचा फवारा मारून अर्ध्या तासात साफ करून देतात. मी विचारून आलोय. उद्या टेम्पो बोलावतो."

मामांचा हात थांबला. "तुम्हाला अडचण होत असेल तर नेतो मी."

वैशालीनं स्वयंपाकघरातून माझ्याकडे असं बघितलं, की मी घाईघाईनं "तसं नाही हो" म्हटलं. खर्र. खर्र.

दिवाळीनंतर मेहुण्याच्या, म्हणजे मिलिंदच्या, मुलीचा वाढदिवस होता. तळेगावला गेलो. पार्किंगमध्ये मी दरवाजा शोधला, दिसेना.

"दरवाजा?" मिलिंद म्हणाला. "तो तर मामांनी एका दिवसात साफ करून नेला. आम्ही दोघं ड्यूटीवर होतो. घराची चावी वॉचमनकडे ठेवली होती. संध्याकाळी येऊन बघतो तर काम खल्लास. एकदम झकास, राव!"

"एका दिवसात?"

"हो ना. तुझ्याकडे काय झालं?"

शेजारी मेहुणी, शिल्पा, बसली होती. ती म्हणाली, "मी तर त्यांना त्रासच दिला नाही. माणूस लावून डिकी घासून घेतली आणि दापोडीला पोचती केली. एवढ्या लांब हिंजवडीला कुठे यायचं त्यांनी?"

"मग खूश झाले असतील."

"थँक्यू म्हणाले. त्यानंतर आलेच नाहीत."

मी हातातली केकची बशी तशीच धरून राहिलो. परतताना वैशालीनं देहूरोडपर्यंत खिडकीबाहेर बघितलं आणि मग म्हणाली, "आपलं बॉनेट किती राहिलंय रे?"

"तळहाताएवढं."

पुढच्या रविवारी मी लवकर उठलो. मामा आले होते. रंगाचा तो तुकडा तसाच ठेवून ते चकचकीत भागच पुन्हा पुन्हा घासत होते. मी दारात उभा आहे हे पाहून ओशाळले आणि त्या कोपऱ्याकडे वळले. थोड्या वेळानं उठले, फडक्यानं हात पुसले.

"झालं, जावईबापू. टेम्पोवाल्याला सांगतो. तुमची गॅलरी मोकळी."

इतके महिने याच वाक्याची वाट बघत होतो.

वैशाली आतूनच म्हणाली, "मामा, पुढच्या रविवारी जेवायला काय करू?"

"पुढच्या रविवारी?" मामा गोंधळले. "अगं, बॉनेट तर झालं."

"बॉनेटला कोण विचारतंय? तुम्हाला विचारतेय."

मामा फडक्याची घडी घालत राहिले. ते फडकं घडी घालण्यासारखं राहिलं नव्हतं. मग हळूच म्हणाले, "भरली वांगी. जमलं तर."

पुढच्या रविवारी ते आले. इस्त्रीचा शर्ट, हात रिकामे. गॅलरीत खुर्ची टाकली, तर तीत नीट टेकेनात. हात कधी मांडीवर, कधी कठड्यावर. शेवटी वैशालीनं लसणाची परडी त्यांच्यापुढे ठेवली. मामा सावरून बसले आणि एकेक पाकळी उजेडात धरून सोलू लागले.

त्या दिवशी जेवायला फार उशीर झाला. मी दोनदा स्वयंपाकघरात जाऊन आलो. पण घाई करा, असं कुणी म्हणालं नाही.